अनुभव सांगायला चालतो, मग शिकवायला का चालत नाही? : लिंगभाव प्रशिक्षक निवड समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
लिंगभाव प्रशिक्षक निवड समिती

विषय : ग्रामस्तरीय प्रशिक्षकांसाठी घातलेली पदव्युत्तर पदवीची अट

महोदया, महोदय,

सादर नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या समितीने प्रशिक्षकांची नवी यादी आणि तिच्यासोबत एक परिपत्रक पाठवले. त्याविषयी मी दोन अर्ज रीतसर टपालाने केले. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही आली नाही, म्हणून आता जे म्हणायचे ते सर्वांसमोर म्हणत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा निर्णय उद्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेत होऊ शकतो आणि माझे भांडण निर्णयाशी आहे.

परिपत्रक असे सांगते की गावोगावच्या स्त्रियांना लिंगभाव, कौटुंबिक हिंसा आणि मालमत्तेतील हक्क या विषयांचे प्रशिक्षण देणाऱ्या व्यक्तीकडे यापुढे समाजकार्य, समाजशास्त्र किंवा स्त्री अभ्यास यांपैकी एका विषयातील पदव्युत्तर पदवी असणे अनिवार्य राहील. ज्यांच्याकडे ती नाही, परंतु ज्यांनी आजवर हेच प्रशिक्षण दिले आहे अशा आम्हा अकरा जणींना ‘अनुभवकथक’ असे नवे पद देण्यात आले आहे. अनुभवकथकाने प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, अर्धा तास स्वतःची कहाणी सांगायची. प्रशिक्षकाला दिवसाला 1,500 रुपये मानधन, अनुभवकथकाला प्रवासखर्चासह 300. जेवणानंतरच्या अर्ध्या तासात किती जणी जाग्या असतात, हे ज्याने एकदा तरी शिबिर घेतले आहे त्याला सांगावे लागत नाही.

माझे शिक्षण विचाराल तर 1983 साली नववीत असताना माझे लग्न झाले. पुढे चौतिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून मी दहावी झाले, आणि तिथेच थांबले. गेली बावीस वर्षे तालुक्याच्या ठिकाणी नांदायला नकोशा झालेल्या, मारहाण होणाऱ्या, टाकून दिलेल्या बायकांच्या तक्रारी ऐकणे, अर्ज लिहिणे आणि त्यांच्यासोबत ठाण्यात, कचेरीत, कोर्टात बसणे हे माझे काम आहे. सोळा वर्षे मी आपल्याच शिबिरांत प्रशिक्षक म्हणून उभी राहिले आहे.

नव्या अटीतून सूट मिळवण्यासाठी आम्हाला मुलाखतीला बोलावले होते. मला पहिलाच प्रश्न आला, की लिंग आणि लिंगभाव यांतील फरक सांगा. मी म्हणाले की आमच्याकडे बाई दिवसभर खुरपते, काढणी करते, डोक्यावरून कडबा वाहते. पण तिने औत धरले तर पाऊस रुसतो म्हणतात. मूल व्हायला बाईचेच शरीर लागते, तो निसर्ग झाला. औत धरायला मिशा लागत नाहीत, तो गावाने केलेला नियम झाला. पहिले लिंग, दुसरे लिंगभाव. समितीतल्या एक बाई मनापासून हसल्या आणि मला वाटले, जमले. नंतर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात मी माझे मूल्यमापन पत्रक मागवले. (माझ्या अर्जांना उत्तर न देणारे कार्यालय या अर्जाला मात्र मुदतीत उत्तर देते, ही त्या कायद्याची कृपा.) पत्रकावर शेरा आहे : ‘उदाहरण दिले, व्याख्या दिली नाही.’ गुण 10 पैकी 3.

तो शेरा खोटा नाही. मला व्याख्या येत नव्हती. ‘पितृसत्ता’, म्हणजे घरादारात पुरुषांचीच सत्ता, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते, आणि तो ज्या गोष्टीचे नाव आहे ती गोष्ट तोपर्यंत माझ्या घरात, शेतात आणि हातात कितीतरी वेळा येऊन गेली होती. ती कशी आली हे थोडे सविस्तर सांगते. ती माझी कहाणी आहे म्हणून सांगत नाही. हे शिकणे म्हणजे काय असते, हे समितीला ठाऊक नसावे असे परिपत्रक वाचून वाटते, म्हणून सांगते.

आमचे गाव तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली व माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, ओझ्याखाली गेली. आमचे गाव पूर्ण उठवले गेले नाही. ते दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या यादीत आले. घरांना मदत हप्त्याहप्त्याने मिळणार होती आणि ती कशी वापरायची हे लोकांना समजावे म्हणून गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. आमच्या मंडळातून मी झाले, कारण मला अर्ज वाचता येत होता. भिंतीत आरपार दगड कुठे व किती अंतरावर घालायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, सिमेंटमध्ये वाळू किती, हे मी शिकले. एके दिवशी एका घरी आरपार दगड न घालताच गिलावा सुरू होता. मी कनिष्ठ अभियंत्याला म्हणाले, हे चालणार नाही. तो माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाला, ‘मालक, बाईंना घरी न्या, उन्हात उभ्या आहेत.’ नवऱ्याने मान खाली घातली आणि गिलावा चालू राहिला. त्याच संध्याकाळी चौदा बायका त्या घरासमोर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी गिलावा उतरवला गेला.

त्या वेळी मला हा स्त्रीवाद वाटला नाही, ही दगडाची गोष्ट वाटली. पण त्याच काळात आणखी एक गोष्ट नजरेला आली. ज्या गावांचे नव्याने पुनर्वसन झाले तिथे घर केवढे मिळणार हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरत होते : 250, 400 किंवा 750 चौरस फूट. ज्याच्या नावावर जमीन जास्त त्याचे घर मोठे. आमच्या मंडळातल्या एका बाईने सहज विचारले, ‘मग बाईचं घर केवढं?’ आम्ही हसलो. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, म्हणजे हिशेबाने शून्य चौरस फूट. मला सातबारा नीट वाचायला त्या हसण्याने शिकवले.

तरीही खरा धडा मला भूकंपाने दिला नाही. तो मी स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीने दिला, आणि तो सांगताना आजही मान वर होत नाही. 1998 साली सासरे वारले. वारसनोंद करताना तलाठ्याने सांगितले की मुलीचेही नाव लागते. घरात बैठक झाली. माझ्या नणंदेचे बरे चालले होते, तिला जमीन कशाला, आणि भावाकडचे तिचे माहेर तुटायला नको, असे सगळ्यांचे मत पडले, त्यात माझेही होते. हक्कसोडपत्राला, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताला, तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी घेऊन गेले. मीच तिच्यासाठी जरीकाठाची हिरवी साडी आणि खण घेतला होता. तिला सही येत नव्हती. कारकुनाने निळ्या शाईचा डबा पुढे सरकवला, तिने अंगठा उठवला आणि शाई पुसायला मी तिला माझा पदर दिला. बाहेर आल्यावर आम्ही दोघी उसाचा रस प्यालो. तिने मला पैसे देऊ दिले नाहीत.

2004 साली तीच नणंद दोन लेकरे आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या दारात आली. नवऱ्याने दुसरी केली होती. पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर त्या दिशेने 1994 मध्येच आपल्यापुरता कायदा केला होता. पण आमच्या घरापुरते सांगायचे तर कायदा दारावरून निघून गेला, कारण अंगठा आधीच उठला होता. आमच्या घरात ती भाकरी खात होती आणि मी तिला वाढत होते, आणि दर घासाला माझ्या पदरावरचा तो निळा डाग मला दिसत होता. नवऱ्याशी तीन वर्षे वाद घातल्यावर एक एकर तिच्या नावावर झाली. त्या दस्ताचे नाव काय होते ते समितीने लक्षात घ्यावे : बक्षीसपत्र. तिचाच हिस्सा आम्ही तिला बक्षीस दिला!

आजही हक्कसोडीचा विषय शिबिरात निघाला की मी याच गोष्टीपासून सुरुवात करते. बायका आधी गप्प होतात, मग एकेक जण सांगू लागते की तिने कुठल्या साडीवर सही केली, आणि त्यानंतर, अगदी शेवटी, एखादी सांगते की तिने कोणाची सही घेतली. हे शेवटचे वाक्य निघाल्याशिवाय तो तास झाला असे मी मानत नाही. अन्याय सोसलेल्या बायका पुष्कळ भेटतात. आपण तो केलाही आहे हे कबूल करणारी बाई मिळायला समोरच्या प्रशिक्षिकेने आधी स्वतः कबूल करावे लागते. हे कोणत्या विषयाच्या अभ्यासक्रमात बसते ते मला माहीत नाही.

अनुभव आपोआप शहाणे करतो असेही माझे म्हणणे नाही. माझा अनुभव एका शेतकरी मराठा घरातल्या बाईचा आहे आणि तो कुठे संपतो हे मला दुसरीने दाखवले. बचत गटाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी बैठकीत मोठ्या आवाजात म्हणाले होते की बायांनो, आता उंबरठ्याबाहेर पडा. मातंग वस्तीतली एक बाई मागून म्हणाली, ‘तुमाला उंबऱ्याभाईर पडायचंय बाई, आमाला उंबऱ्याआत कोन घेतंय?’ त्या दिवशी बैठक माझ्या घरी होती आणि ती ओसरीच्या पायरीवर बसली होती. पुढे कधीतरी वाचनात आले की 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिताना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांचा प्रश्न मांडला होता. मी ते आधी वाचले असते तर कदाचित ते वाक्य बोलले नसते. म्हणून अभ्यासाला मी कमी लेखत नाही. वाचन नसल्याची किंमत मी मोजली आहे, आणि ती दुसऱ्या बाईच्या अपमानाने मोजली आहे.

आपल्या राज्यातल्या मथुरा प्रकरणाचा उल्लेख आपल्या प्रशिक्षण पुस्तिकेत आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाला, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, आणि 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रातून आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पदवी असलेल्या माणसांनी आपल्या विद्येचा असा वापर केला याबद्दल मला आदरच आहे. पण त्या चौघांनी मथुरेला अर्धा तास बोलावून 300 रुपये दिले नव्हते. ते तिच्या बाजूने आपल्याच क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या अधिकाराशी भांडले होते. आणि त्याआधी सुमारे शंभर वर्षे, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली तेव्हा त्यांच्याजवळ कोणत्या विद्यापीठाची पदवी होती? आपल्या वाचनयादीत त्यांचे पुस्तक पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्या परिपत्रकानुसार त्यांना जेवणानंतरचा अर्धा तास मिळाला असता.

आता समितीच्या निर्णयाबाबत माझ्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार पुस्तिकेविषयी आहे. 2009 साली आपल्या संस्थेच्या संशोधक मुली आमच्याकडे आल्या होत्या. आमच्या घरी राहिल्या, आमच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. मुली चांगल्या होत्या, एकीला तर विहिरीच्या पाण्याने ताप आला तेव्हा मी तिच्या उशाशी बसले होते. त्या मुलाखतींतून झालेला अहवाल इंग्रजीत छापला गेला आणि आमच्यापैकी एकीलाही त्याची प्रत मिळाली नाही. आता त्यातूनच मराठी पुस्तिका तयार झाली आहे. तिच्यात ‘एका ग्रामीण महिलेचे निवेदन’ म्हणून औताचे आणि मिशांचे उदाहरण छापले आहे. ते माझे आहे. म्हणजे जे वाक्य छापील पानावर ज्ञान म्हणून शिकवले जाणार आहे, तेच माझ्या तोंडून आले तेव्हा त्याला दहापैकी तीन गुण पडले.

दुसरी तक्रार अशी की मुलाखतीत एकाही सदस्याने कामाविषयी विचारले नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली अर्ज करताना घरात राहण्याचा हक्क, म्हणजे कलम 19 खालचा आदेश, वेगळा मागावा लागतो. तो न मागता नुसती पोटगी मागितली तर बाई हातात तारखा घेऊन रस्त्यावर राहते. लग्नाचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका आणि फोटो आधी आईकडे हलवून ठेवावेत, नाहीतर अर्ज पडल्याच्या संध्याकाळी ते चुलीत जातात. पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, पण बाईला तसे सांगू नये, कारण एकसष्टाव्या दिवशी तिचा धीर सुटतो. हे आम्ही अकरा जणी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून शिकलो. नव्या यादीतल्या प्रशिक्षकांना हे येतच नसेल असे मी म्हणत नाही. त्यांना हे विचारले तरी गेले का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

मानधनाबद्दल फार लिहीत नाही. घरकामाला मोल नसते हे आपण पहिल्या सत्रात शिकवता. आमच्या कामाचे मोल एका परिपत्रकाने पाचव्या हिश्शावर आणलेत.

आणि ‘अनुभवकथक’ या शब्दालाच माझी हरकत आहे. कहाणी सांगणारी बाई रडते, ऐकणाऱ्या हळहळतात, आणि मग पदवीधर प्रशिक्षक उठून तिचा अर्थ सांगतात. मी माझ्या नणंदेची गोष्ट सांगते तेव्हा तिचा अर्थही मीच लावलेला असतो; त्यासाठी मला दहा वर्षे लागली आहेत. अर्थ लावण्याचे काम काढून घेऊन नुसते दुःख माझ्याकडे ठेवणे मला मान्य नाही. नव्या यादीतल्या मुलींविरुद्ध हे पत्र नाही, हेही इथेच स्पष्ट करते. त्यांतल्या दोघी आमच्याच तालुक्याच्या, आमच्याच गटांतल्या बायकांच्या लेकी आहेत. त्यांच्या आयांनी रोजगार करून त्यांना शिकवले. त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या तर मला आनंदच आहे. मला हटवून उभ्या राहाव्यात असे त्यांनाही वाटत नाही, असे त्यांनीच मला सांगितले.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

1. पदव्युत्तर पदवीची अट अनिवार्य न ठेवता, ‘पदवी किंवा प्रत्यक्ष कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव’ अशी दुरुस्ती करावी.

2. ‘अनुभवकथक’ हे पद रद्द करावे. प्रत्येक शिबिर एक शिकलेली आणि एक काम केलेली अशा दोन प्रशिक्षिकांनी मिळून घ्यावे आणि दोघींना समान मानधन द्यावे.

3. 2009 च्या अहवालाचा मराठी अनुवाद, ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या प्रत्येकीला घरपोच द्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गटाच्या बैठकीत तो वाचून दाखवण्याची व्यवस्था करावी; वाचण्याचे काम मी विनामूल्य करीन.

4. पुस्तिकेतील निवेदने ज्यांची आहेत त्यांना विचारून, त्यांची इच्छा असल्यास त्यांच्या नावाने छापावीत, आणि ज्यांना नाव नको त्यांचे नाव वगळावे. नणंदेला मी विचारले आहे. तिला नाव हवे आहे.

5. निवड समितीवर गावपातळीवर काम केलेल्या किमान दोन स्त्रिया घ्याव्यात.

6. दुरुस्ती होईपर्यंत आम्हा अकरा जणींची ठरलेली शिबिरे पूर्वीप्रमाणे चालू ठेवावीत. त्यांतली चार पुढच्या महिन्यात आहेत, आणि बायकांनी सोयाबीनच्या काढणीतून दिवस मोकळे ठेवले आहेत.

या पत्राचे उत्तर लेखी आणि मराठीत मिळावे. समितीला समक्ष बोलायचे असेल तर आम्ही अकराही जणी येऊ. मात्र मंगळवार सोडून कोणताही दिवस ठेवावा, कारण मंगळवारी कोर्टात माझ्या तीन बायकांच्या तारखा असतात.

आपली,
नव्या यादीतील अकरावी अनुभवकथक
जिल्हा धाराशिव